फवारणी करूनही माइट परत येतात? आधी रात्री दहाला खुराड्यात जाऊन बघा

तक्रार सगळ्यांची एकसारखीच असते. खुराड्यात माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक लाल किडे झाले, दुकानातून औषध आणलं, फवारलं, आठवडाभर बरं गेलं आणि पंधराव्या दिवशी पुन्हा तेच. मग औषध बदलायचं, मग मात्रा दुप्पट करायची, मग दुकानदाराला शिव्या घालायच्या. माझ्याकडे हे सलग दोन पावसाळे चाललं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात घरामागच्या भाटात, म्हणजे बागायतीत, माझी शेड आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली तुसाची गादी, बसायला बांबूच्या दांड्या आणि दीडेकशे कोंबड्या. थोड्या गावठी, बाकी वनराजा या सुधारित जातीच्या. धंदा फार मोठा नाही, पण अंड्यांचे पैसे घरखर्चाला लागतात.

पहिली खूण दिसली ती किड्यांची नव्हे. ऑगस्टअखेर तिन्हीसांजेला कोंबड्या शेडच्या दाराशी येऊन घुटमळायला लागल्या. हाकललं तर नाइलाजाने आत जायच्या, नाहीतर पेरूच्या झाडावर पावसात भिजत बसायच्या. मला वाटलं आत साप शिरलाय. दोन रात्री काठी घेऊन पहारा केला. मावशी व्हरांड्यात भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "अरे, साप असला तर कोंबड्या ओरडतात. ह्या ओरडत नाहीत, कंटाळल्यात. आत त्यांना काहीतरी चावतंय."

तिचं खरं निघालं. चार दिवसांनी खुडूक कोंबडी, जी बारा दिवस अंड्यांवरून हलली नव्हती, अंडी टाकून उठली. अंड्यांवर लाल-काळे ठिपके दिसायला लागले, टाचणीच्या टोकाने रंग लावावा तसे. तुरे फिकट पडले. अंडी गोळा करून आलं की माझ्या मनगटाला आणि कमरेला खाज सुटायची.

दोनदा फवारून झाल्यावर मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एकच गोष्ट विचारली, "कुठे फवारलंत?"

"कोंबड्यांवर. आणि गादीवर थोडं."

"किती वाजता?"

"सकाळी दहाला."

ते हसले. "सकाळी दहाला तो कोंबडीवर असतो का? तो जेवून झोपलेला असतो. तुम्ही रिकाम्या ताटावर औषध मारताय."

लाल माइट, म्हणजे डर्मॅनिसस गॅलिनी, कोंबडीवर राहत नाही. तो राहतो खुराड्यात आणि कोंबडीकडे फक्त जेवायला जातो. अंधार पडला की फटीतून निघतो, अर्धा ते एक तास रक्त पितो आणि पुन्हा फटीत. तेही रोज नाही, दोन ते चार दिवसांतून एकदा. त्यामुळे दिवसा कोंबडी उचलून कितीही पिसं उलटली तरी हा सापडत नाही, आणि आपण म्हणतो, "माझ्याकडे माइट नाहीत, गारठ्यानेच अंडी कमी झालीत."

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, बघण्याचं. रात्री नऊ-दहा वाजता टॉर्च आणि पांढरा रुमाल घेऊन शेडमध्ये जा. बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने रुमाल दाबून पुसत न्या. रुमालावर तांबड्या रेघा उमटल्या तर तो लाल माइटच, कारण चिरडलेल्या माइटच्या पोटातलं ते कोंबडीचं रक्त असतं. उपाशी माइट राखाडी-पांढरा दिसतो, जेवलेला लाल, पचत आला की काळपट. आकार जेमतेम एक मिलिमीटर. दांडीच्या सांध्यांजवळ मीठ-मिरपूड सांडल्यासारखी राखाडी भुकटी दिसली तर ती धूळ समजून झटकू नका. त्यांच्या टाकलेल्या काती आणि विष्ठा आहे ती.

रुमाल कोरा निघाला आणि तरीही कोंबड्या खाजवत असतील, तर दिवसा कोंबडी धरा, उलटी करा आणि गुदद्वाराभोवतीची पिसं बाजूला सारा. तिथली पिसं तेलकट, काळी, चिकटलेली असतील आणि तुमच्या हातावर लगेच किडे चढायला लागले, तर तो ऑर्निथोनिसस जातीचा माइट. त्यातला ऑर्निथोनिसस बर्सा आपल्यासारख्या उष्ण, दमट प्रदेशातला. हा कोंबडीवरच मुक्काम करतो, त्यामुळे इथे मात्र कोंबडीवरच औषध लागतं आणि सोबत घरट्याच्या पेट्यांवरही. कोंबड्यांत बहुधा जास्त भरलेला सापडतो तो कोंबडा, म्हणून तपासणीला आधी त्यालाच धरा. चोच कापलेल्या पक्ष्यांत हा जास्त होतो, कारण त्यांना स्वतःची पिसं नीट विंचरता येत नाहीत. पिवळसर, चपटे, भरभर पळणारे किडे आणि पिसाच्या मुळाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसले तर त्या उवा. त्यांना सहा पाय, वाढलेल्या माइटला आठ. पायांची खवलं उचलली गेली असतील, पाय चुना लावल्यासारखे खडबडीत आणि जाड झाले असतील, तर तो तिसराच किडा, निमिडोकॉप्टिस म्यूटन्स. तो कातडीत बोगदे करून राहतो. त्याला शेड फवारून काही होत नाही. कोमट साबणपाण्यात पाय दहा मिनिटं भिजवा, मऊ ब्रशने सुटेल तेवढंच काढा, खवलं ओढू नका, आणि व्हॅसलिन किंवा करंजेल (करंजाचं तेल) दाट चोपडा. दोन-तीन दिवसांआड, काही आठवडे. जुन्याजाणत्यांचा रॉकेलचा इलाज करू नका, कातडी भाजते.

शंका असेल तर किडे बाटलीत घालून दवाखान्यात न्या. स्पिरिट हवं. घरी नव्हतं म्हणून मी फेणीत बुडवून नेले. डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि आधी माझ्याकडे बघितलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली किडा ओळखू आला, काम झालं.

पुढचं सगळं लाल माइटबद्दल, कारण परत परत येण्याची तक्रार बहुतेक त्याचीच असते.

तो परत का येतो याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. मादी रक्त प्यायल्यावर दिवसभरात फटीत चार ते आठ अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. पहिली अवस्था रक्त पीतच नाही. पुढच्या दोन अवस्था पितात आणि मग तो वाढतो. साधारण २५ ते ३० अंश तापमानात आणि भरपूर दमटपणात हा सगळा फेरा सात ते दहा दिवसांत पुरा होतो. आपला जुलै-ऑगस्ट आठवा: तापमान २४ ते २९ अंश, दमटपणा ऐंशीच्या वर, हवा बंद. प्रयोगशाळेत मुद्दाम तयार करावं असं हवामान आपण त्याला फुकट देतो. आता फवारणीचं बघा. दुकानातली औषधं चालता-फिरता माइट मारतात, अंडी बहुतेक वाचतात. एकदा फवारून थांबलात तर तिसऱ्या दिवशी नवी पिढी बाहेर, दहाव्या दिवशी ती अंडी घालायला तयार. पंधराव्या दिवशी तुम्ही दुकानात.

म्हणून दुसरी फवारणी पाचव्या ते सातव्या दिवशी, किडे दिसोत वा न दिसोत. तिसरी त्यानंतर पुन्हा आठवड्याने. मी पहिल्या वर्षी दुसरी फवारणी "आता काही दिसत नाही" म्हणून सोडली होती. दिसत नाही तेव्हाच ती करायची असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन तारखांना गोल करा, नाहीतर चतुर्थीच्या गडबडीत हमखास राहते.

तरीही माझ्याकडे दुसऱ्या वर्षी तीन फवारण्या करून परत आले. तेव्हा चिडून मी एक बांबूची दांडी काढली आणि कोयत्याने उभी चिरली. आत कुंकू सांडल्यासारखं. पेरांच्या पोकळीत थरावर थर, काही राखाडी, काही लाल, आणि पांढरी बारीक अंडी. औषध बाहेरून ओघळून जात होतं आणि आत त्यांची सुखाने वस्ती चालली होती. बांबूला जिथे भोक पडलेलं होतं, एका टोकाला तडा गेला होता, तेवढीच वाट त्यांना पुरली.

त्या दिवसापासून मी लपायच्या जागा मोजायला लागलो. बांबूचं तर झालंच. चिऱ्यांमधल्या दरजा, ज्या मातीने भरलेल्या होत्या आणि माती गळून पडली होती. वासे आणि भिंत मिळतात ती जागा. घरट्याच्या पेट्यांचे खिळ्यांचे सांधे. पाण्याच्या भांड्याखाली ठेवलेली फळी. दाराच्या बिजागऱ्या. आणि ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ते, कोपऱ्यात रचलेले कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे.

ट्रे हा मोठा चोर आहे. व्यापारी भरलेले ट्रे नेतो आणि रिकामे आणून देतो. ते कोणाच्या शेडमधून फिरून आलेत, देव जाणे. गोव्यात अंड्यांचा मोठा भाग बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूने येतो, ट्रे तिथूनही फिरतात. मी माझे प्लास्टिकचे ट्रे वेगळे ठेवले, त्यांवर रंगाने खूण केली आणि परत आले की उकळत्या पाण्यात बुडवायला लागलो. जुने पिंजरे, दुसऱ्याकडून स्वस्तात घेतलेल्या पेट्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली कोंबडी आणि तिची टोपली, सगळं याच खात्यात. नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी. टोपली आत नेऊच नका.

आणि वरती बघा. कौलांखाली साळुंकी, चिमणी, पारवा यांचं घरटं असेल तर पिल्लं उडून गेल्यावर तिथले माइट उपाशी पडतात आणि खाली उतरतात. पिल्लं गेली की घरटं काढा आणि बारीक जाळी मारा. पिल्लं असताना काढू नका, त्यात पुण्य नाही आणि फायदाही नाही.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो.

पावसात दोन दिवस उघाड मिळाली तेव्हा कोंबड्या भाटात सोडल्या. गादी पूर्ण काढली आणि शेडपासून लांब, शेण आणि ओला पाला घालून ढीग केला. ढीग नीट तापला की आत ५०-६० अंश जातो आणि माइट ४५ अंशांच्या वर टिकत नाहीत. (युरोपात काही जण रिकामी शेडच हीटर लावून ४५ अंशांच्या वर तापवतात. आपल्याला विजेचं बिल परवडणार नाही.) शेडच्या लोखंडी भागावर फ्लेमगन फिरवली. लाकूड, जाळं, तूस जवळ असेल तर हे करू नका. शेजारच्या गावात एकाची अर्धी शेड गेली. मग झाडून, खरवडून, दाबाच्या पाण्याने धुतलं. धुळीवर आणि विष्ठेवर मारलेलं औषध वाया जातं, हे मला उशिरा कळलं. सुकल्यावर दरजा सिमेंटने भरल्या आणि चुन्याचे दोन हात दिले. चुना माइट मारतो म्हणून नव्हे, फटी बुजवतो म्हणून. शिवाय पांढऱ्या भिंतीवर नवी वस्ती लगेच दिसते.

बांबू गेले. त्यांच्या जागी रंधा मारलेल्या, कडा गोल केलेल्या लाकडी दांड्या, भिंतीला न टेकणाऱ्या. प्रत्येक दांडी जमिनीवरच्या दोन खांबांवर. खांबांचे पाय करवंट्यांत आणि करवंट्यांत वापरलेलं इंजिन ऑइल. आजी दूध-दह्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची, मुंग्या चढू नयेत म्हणून. तीच युक्ती. भिंतीतला माइट रात्री दांडीवर जायला निघतो आणि तेलात अडकतो. करवंटीवर जाळी बांधा, नाहीतर कोंबडी तेलात चोच घालते.

फवारणीचं तंत्र थोडं वेगळं लागतं. पाठीवरचा पंप, पण तणनाशक कधीही न मारलेला. झोत पसरट नको, बारीक सरळ धार हवी, फटीत घुसणारी. आतून ओघळ बाहेर येईपर्यंत मारायचं. वेळ दुपारनंतर, कोंबड्या बाहेर, अंडी उचललेली, खाद्य-पाणी झाकलेलं किंवा बाहेर काढलेलं. पूर्ण सुकल्यावरच कोंबड्या आत. मात्रा डबीवरची, दुप्पट नाही. पंप व्हाळात (ओढ्यात) धुवू नका, पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी मासे मरतात.

औषधाच्या नावांची एक गंमत आहे. दुकानात सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन अशी वेगवेगळ्या डब्यांची रांग असते आणि आपल्याला वाटतं आपण औषध बदलून मारतोय. तिन्ही एकाच गटातली, पायरेथ्रॉइड. एकाला न मरणारा माइट बहुधा दुसऱ्यालाही मरत नाही. ही प्रतिकारशक्ती बऱ्याच देशांत नोंदली गेली आहे. बदलायचं तर गट बदला, आणि तो कोणता हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंडी विकत असाल तर डबीवर अंडी न विकण्याचा काळ दिलाय का बघा.

पाण्यातून आयव्हरमेक्टिन द्यायचा सल्ला फार मिळतो. त्याचा असर थोडा वेळ टिकतो. त्या वेळात जे माइट जेवायला आले तेवढे मरतात, दोन दिवस उपास करणारे फटीतच राहतात, शिवाय अंड्यांत अंश उतरतो. अंड्यांच्या कोंबड्यांना हे मनाने देऊ नका. रक्तातून माइट मारणारं जास्त टिकाऊ औषध म्हणजे फ्लुरालानर. त्याला युरोपीय संघाने २०१७ साली मान्यता दिली आणि ते पिण्याच्या पाण्यातून सात दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. अंतर सात दिवसांचंच का, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईल.

त्याच २०१७ साली तिथे उलटा प्रकारही घडला. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये शेड साफ करणाऱ्यांनी लाल माइटसाठी वापरलेल्या औषधात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. फिप्रोनिल अंड्यांत उतरलं, लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली, शेड महिनोन्महिने बंद. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे भाताच्या खोडकिड्यासाठी हेच फिप्रोनिल घरात असतं. "किडाच तर मारायचाय" म्हणून ते खुराड्यात मारणारे मी पाहिलेत. शेतातली बाटली शेतातच ठेवा.

राखेबद्दल. चुलीची राख आणि रेती यांचा धुळीचा खड्डा कोंबड्यांना हवाच, मी गंधकाची थोडी भुकटीही घालतो. अंगावर राहणाऱ्या माइटला आणि उवांना त्याने चांगला फरक पडतो. डायटमची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची, पांढरी भुकटी हल्ली ऑनलाइन मिळते. ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून त्याला सुकवते. पण सुकवणारी गोष्ट पावसाळ्यात कशी चालणार? हवेत ऐंशी-नव्वद टक्के पाणी असताना राख गोळा होते आणि भुकटी निकामी ठरते. हे उपाय जानेवारी ते मेमधले. तेव्हा वस्ती खाली आणून ठेवली तर जूनमध्ये सुरुवात कमी माइटवरून होते. मी सगळी मेहनत आधी पावसात करायचो. आता मोठी सफाई मेच्या तिसऱ्या आठवड्यात, पहिल्या पावसाआधी उरकतो.

शेड काही आठवडे रिकामी ठेवली की उपाशी मरतील, यावरही विसंबू नका. थंड हवेत लाल माइट रक्ताशिवाय आठ-नऊ महिने काढतो. आपल्या उकाड्यात तेवढा तग धरत नाही, पण दोन लॉटमधल्या पंधरा दिवसांत मरत नाही हे मी पाहिलंय. नव्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या आणि पहिल्याच आठवड्यात रुमाल लाल.

खाज माणसाला सुटते ती याच माइटची, पण माणसाच्या अंगावर त्याची वस्ती होत नाही. शेडमधले कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा, आंघोळ करा. घरात खाज चालूच राहिली तर पलंगाला नव्हे, खिडकीवरच्या पारव्याच्या घरट्याला दोष द्या.

आता दर शनिवारी मी एकच काम करतो. खोक्याचा नालीदार पुठ्ठा वीतभर कापून त्याच्या सुरळ्या करायच्या आणि दांड्यांच्या खाली सहा ठिकाणी तारेने बांधायच्या. माइटला ती तयार घरंच वाटतात. आठवड्याने सुरळ्या काढून पिशवीत घालायच्या, फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी पांढऱ्या कागदावर झटकायच्या. (घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.) पाच-दहा निघाले तर पुढच्या शनिवारपर्यंत थांबतो. मोजता येणार नाहीत इतके निघाले की त्याच दिवशी कॅलेंडरवर तीन गोल. गेल्या शनिवारी सहा सुरळ्यांतून मिळून चार निघाले, त्यातले तीन दाराजवळच्या सुरळीत. दाराची वरची बिजागरी सैल झालीय, ती उद्या काढून बघणार आहे.